रुखमाचं नाव त्यात नव्हतं

वडसा, १८ जानेवारी २०२५

रुखमा,

माहं अक्षर ओळखू येते का? आश्रमशाळेत तुहे निबंध मीच लिहून देत होती, तवा ओळखू यायले पाहिजे. चार वर्षांत तुले एक ओळ लिहिली नाई अन् लिहायची इच्छाबी नव्हती. पण काम पडलं.

पत्र निकेश गुरुजीच्या हाती देऊन राह्यली. शाळा त्यायची तुमच्या गावात अन् घर इथी वडस्याले, दर शनवारी येतात. त्यायले सांगतलं, रुखमाच्याच हातात द्या. फोन केला असता, पण तुमच्या गावात टावर नाई अन् घरातला फोन तुह्या नवऱ्याच्या खिशात. पाह्य, 'तुमच्या गावात' लिहून गेली. माहंबी होतं ते कधी.

मागच्या रविवारी तुहा नवरा इथी आला. राईस मिलच्या मागं पास्टर पोचूअण्णाचा टिनाचा हॉल आहे, तिथी आमची प्रार्थना होते. मी चहाचे कप मांडून राह्यली होती. दारात पाहते तर लटारू. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. माह्या हातातला कप तिथीच राह्यला. गावात तो आमच्या दारात आला होता तवा संगं पंधरा माणसं होती अन् हातात लोखंडी सब्बल. इथी एकटा आला अन् हात जोडून.

सगळ्यायसमोर उभा राह्यला. म्हणे, "मी कुकडमेट्याचा लटारू. ह्या दसरूभाऊचं प्रार्थनेचं छप्पर मी पाडलं. यायचं पाणी मी बंद केलं. त्यायचा पाय मी मोडला. आता येशूनं मले धरलं." अन् दसरूच्या पायावर पडला. त्याच पायावर, जो आता वाकत नाई. दसरूनं त्याले उचललं, छातीशी लावलं, दोघंबी ढसढसा रडले. सारा हॉल रडला. वडस्यात सध्या झाडीपट्टीच्या नाटकायचा हंगाम आहे, गल्लोगल्ली कंपन्यायचे बोर्ड लागले आहेत. असं रडणाऱ्याले तर ते अॅडव्हान्स देऊन नेतात.

मी रडली नाई. मी त्याच्या शर्टाची इस्त्री पाहत होती.

रडून झालं असतं तर मी तुले लिहिलं नसतं. पण चहा पिता पिता तो दसरूले म्हणाला, "भाऊ, गावात वापस या. शेत तुमचं तसंच आहे. पंपावर कोणी अडवलं तर मी पाहून घेतो." 'पाहून घेतो' हाच शब्द त्यानं तवाबी वापरला होता, फक्त तवा आम्हाले पाहून घेणार होता. अन् माहा नवरा? चार वर्षं मिलच्या गेटावर लंगडत पहारा देते, अन् एका मिठीत विरघळला. शेठले सांगून आला, होळीनंतर काम सोडतो. मी मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते, त्या कामाचं काय? दीपिकाची बारावी आहे, तिचं काय? कोणी विचारलं नाई. दोघा पुरुषायनं माफी घेतली-देली अन् सामान आम्हाले बांधायले सांगतलं.

तू त्याच्यासंगं बावीस वर्षं राह्यली. मले सांग, तो बदलला का? त्याच्या शब्दावर गावात यावं का? होय की नाई, एवढंच लिही. तुह्यावर माहा भरवसा आहे असं समजू नको. त्या दिवशी मी पाण्याचा रिकामा गुंड घेऊन तुह्या दारात आली अन् तू आतून कडी लावली, ते मी विसरली नाई. पण खोटं लिहिताना तुहं अक्षर वाकडं होते, हे मले पक्कं माहीत आहे.

बुधरी


कुकडमेटा, २४ जानेवारी २०२५

बुधरीबाई,

ओळखलं अक्षर. काना अजूनबी असा देतेस जसं कोणाच्या डोक्यात काठी घालून राह्यली.

चार वर्षांनी आठवण झाली, तेबी माह्या नवऱ्याच्या चौकशीसाठी. बैल घ्यायच्या आधी लोक मालकाच्या बायकोले बाजूले घेऊन विचारतात ना, "बाई, मारका तर नाई?" तसं. पण बाई, बैल तर तुम्ही कासरा लावून नेलाबी. आता काय विचारतेस?

तुले वाटत असंल इथी आनंद चालू आहे. ऐक मंग. पावसाळ्यात त्याले मलेरिया झाला, डोक्यात चढला. धानोऱ्याच्या दवाखान्यात अकरा दिवस होता. बाजूच्या खाटेवर तुमचा कोणी माणूस होता, तो दोघांसाठी प्रार्थना करे. हा उठला तर हातात पुस्तक घेऊनच उठला. घरी आल्यावर पहिलं काम काय केलं तर मोहाच्या दारूचं आख्खं मडकं उकिरड्यावर ओतलं. पहिल्या धारेची होती. संध्याकाळपर्यंत आपल्या कोंबड्या आंगणात आडव्या चालून राह्यल्या होत्या. मी हसली, तर म्हणे, "सैतान हसते." सैतान म्हणजे मी.

मंग एक दिवस मी शेतावर गेली अन् त्यानं घरातल्या कोपऱ्यातले देव उचलले. माह्या सासऱ्यानं बसवलेले. टोपलीत घातले अन् जंगलात देवायच्या जागी, पेनठान्यावर नेऊन ठेवले, जसे कोणी पाहुणे त्याच्या गावाले पोचवते. ज्या देवायच्या नावानं त्यानं तुह्या नवऱ्याचा पाय मोडला, बुधरी, त्याच देवायले टोपलीत घालून घराबाहेर काढलं. मले विचारलं नाई. पाय मोडतानाबी विचारलं नव्हतं.

आता गावाच्या पूजेले भूमिया त्याले बोलवत नाई. मी पंपावर गेली की बायका गप्प होतात. मी माह्या देवायले सोडलं नाई, तरीबी.

अन् एक गोष्ट तूबी ऐकून घे. तुमच्या हॉलात सगळे म्हणत असतील की गाव वाईट, गावानं छळलं. तुहा दसरू काही कमी नव्हता. पंडुमच्या दिवशी, नवीन फळ देवाले दाखवून मंगच खायचं असते त्या दिवशी, भर सभेत उभा राहून कोण म्हणालं होतं, "दगडाले काय दाखवता?" म्हाताऱ्या भूमियाच्या डोळ्यात पाणी आलं होतं. मी मागं बायकांत बसून होती. पाय मोडावा एवढं ते नव्हतं, हे मी लिहून देते. पण म्हणाला होता.

बदलला का म्हणतेस. दारू पेत नाई. रविवारी गाडी धुते अन् जाते. चांगलं दिसते. यायचं तर या, नाई तर नका येऊ. मी कोणाची जमानत घेत नाई.

रुखमा


वडसा, १ फेब्रुवारी २०२५

रुखमा,

होय नाई अन् नाईबी नाई. शाळेत असंच होतं तुहं. गणित आलं नाई की पाटीवर फूल काढायची. पण शेवटच्या चार ओळीत अक्षर वाकडं आहे. 'चांगलं दिसते' मधला 'चां' तर उताणा पडला आहे.

आधी दसरूचं. ते दगडाचं मले माहीत नव्हतं, मी त्या दिवशी सभेत नव्हती. त्यानं मले सांगतलं होतं की मी सभेत एक शब्द बोललो नाई, तरी माह्यावर धावले. चार वर्षं मी तेच लोकायले सांगत आली. तुहं पत्र त्याच्यासमोर ठेवलं. खाली पाहून म्हणे, "विश्वासात बोलून गेलो." मी म्हटलं, तोंड तुहं, विश्वास तुहा, अन् दीड कोस नाल्यावरून पाणी आणणारे खांदे माहे.

आता लटारूचं. तो परत आला होता. ह्या खेपेला पास्टरनं त्याले माइक देला, आजूबाजूच्या गावायची माणसं आली होती. त्याची साक्ष होती. साक्ष म्हणजे आधी मी कसा होतो अन् आता कसा झालो हे सगळ्यायसमोर सांगायचं. पाऊण तास बोलला. काहीच सोडलं नाई. छप्पर कोणत्या बाजूनं पाडलं, धानाच्या पुंजण्याले काडी कोणी लावली, पंपाच्या दांड्याले साखळी कोणी आणली. दसरूचा पाय मोडला तवा आवाज कसा आला, तेबी सांगतलं. लोक 'हालेलुया' म्हणून राह्यले. एका बाईनं तर त्याच्या हाताचं चुंबन घेतलं.

मी सगळ्यात मागं उभी होती अन् एकच गोष्ट ऐकायची वाट पाहत होती. तुहं नाव. रुखमा, पाऊण तासात तुहं नाव एकदाबी आलं नाई.

मले काय दिसलं नव्हतं असं समजू नको. मोह वेचताना तू पदर डाव्या कानावरून कधी सरकू देला नाई. मी डावीकडून हाक मारली की तू वेचतच राहायची. अन् मानेवरचा तो व्रण काट्याचा नव्हता, एवढं मलेबी कळत होतं. मी विचारलं नाई. तू सांगतलं नाई. आपण दोघी शाण्या.

आता विचारते. त्यानं साऱ्या दुनियेची माफी मागितली. तुही मागितली का?

एवढं सांग. बाकी होय-नाई मी माहं काढून घेईन.

बुधरी


कुकडमेटा, १४ फेब्रुवारी २०२५

बुधरी,

तुहं पत्र वाचून मी एवढी हसली की तो बाहेरून आत आला पाह्यले. मी म्हटलं, बुधरीनं जोक लिहिला. तो म्हणे, "विश्वासणाऱ्या बाईनं असं वागू नये." त्याले तूबी पसंत नाई, खुश हो.

माफी मागितली का? नाई. उलट त्यानं मले माफ केलं.

खरं सांगते, थट्टा नाई. दिवाळीच्या आसपास एक दिवस समोर बसवलं अन् म्हणाला, "रुखमा, तू मले खूप तोंड देलं, उलट बोलली, घरात शांती ठेवली नाई. मी सगळं माफ केलं." मी भात वाढत होती. वाढतच राह्यली. म्हटलं असन बाप्पा, ज्याच्याजवळ माफी जास्त झाली तो वाटत फिरते.

हात उगारत नाई, हे खरं आहे. पावसाळ्यापासून एकदाबी नाई. हे मी लिहिलं नाई त्या पत्रात, कारण लिहिलं असतं तर आधी मारत होता हेबी लिहावं लागलं असतं. पण आता रोज सकाळी माह्या डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना करते, "प्रभू, हिचं कठीण मन मोड." आधी माह्या हाताचं बोट मोडलं होतं, आता मन मोडायचं काम देवाले देलं. म्हणते, ईस्टरपर्यंत तू आली नाई तर चूल वेगळी. पंडुमले गेली तर घरात पाय ठेवायचा नाई. बुधरी, हे मी आधी कुठी ऐकलं आहे? तुमच्या दारात ऐकलं आहे. तोच आवाज, तेच बोट, फक्त तोंड दुसऱ्या दिशेले.

बाजू बदलली त्यानं. माणूस बदलला का, हे मले माहीत नाई. चूल वेगळी झाली तर माही पोट्टी साक्षी आहेच, तिचा नवरा मोहर्लीले सफारीची जिप्सी चालवते, तिथी जाईन. जिप्सीतून वाघ पाहीन. घरी पाहायची सवय आहेच.

आता कडीचं. तू विचारलं नाई, पण चार वर्षं मनात ठेवून आहेस, तर सांगून टाकते.

पंपाले साखळी लावली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी माहा गुंड भरून तुह्या कुंपणाच्या मागं ठेवला होता. आठवते? तुले वाटलं असंल भूमियाच्या बायकोनं ठेवला. मी ठेवला होता. त्याले कोणीतरी सांगतलं. तो घरी आला, मी चुलीपाशी बसून होती. तोच गुंड उचलला अन् त्याच डाव्या कानावर मारला, जुन्या मारानं जो आधीच कमी ऐकत होता. रक्त आलं, मंग पू आला, मंग एक दिवस आवाज यायचाच बंद झाला. डाव्या बाजूनं आता नुसती हवा येते.

अन् मारलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तू दिवसाढवळ्या, सगळ्या गावासमोरून, रिकामा गुंड घेऊन माह्या दारात आली. तो दाराच्या मागं उभा होता, बुधरी. कडी मी लावली. तुले बाहेर ठेवायले लावली की त्याले आत ठेवायले, हे मले आजबी नीट सांगता येत नाई. भेवाले एवढं कळत नाई. पण हात माहाच होता.

त्याच्या शब्दावर गावात येऊ नको. हे माहं उत्तर. पाह्य, अक्षर सरळ आहे.

रुखमा


वडसा, १ मार्च २०२५

रुखमा,

तुहं पत्र मी आठ दिवस ब्लाउजमध्ये ठेवलं. कोणाले दाखवलं नाई. गुंड मी भूमियाच्या बायकोचाच समजत होती. पत्रात आणखी काय लिहावं कळत नाई, म्हणून काय झालं तेच सांगते.

पास्टरनं ठरवलं होतं की ईस्टरच्या आदल्या दिवशी वैनगंगेत लटारूचा बाप्तिस्मा करायचा. त्याच्या आधी, मागच्या रविवारी हॉलात सगळ्यायसमोर, दसरूनं अन् मी त्याचा हात धरायचा अन् म्हणायचं, आम्ही तुले माफ केलं. दसरू नवीन सदरा घालून तयार. मले बोलावलं. मी उठली.

लटारूनं हात पुढं केला. मी हात बांधून उभी राह्यली. म्हटलं, "लटारू, रुखमाले विचारलं का?"

तो म्हणे, "काय विचारायचं?"

म्हटलं, "दसरूच्या पायाचा आवाज तू माइकवर सांगतला. रुखमाच्या कानाचा काऊन नाई सांगतला?"

त्यानं आजूबाजूले पाह्यलं, हळूच म्हणे, "बाई, ते घरातलं आहे."

"अस्सं," मी म्हटलं. "घराबाहेर मारलं तर पाप अन् घरात मारलं तर संसार. हे कोणत्या पानावर लिहिलं आहे, दाखव. मलेबी वाचता येते."

मंग त्यानं माह्याकडं पाह्यलं. रुखमा, तेच डोळे. साखळीपाशी उभा होता तवाचे. मले वाटलं आता येते अंगावर. दसरूनं माहा दंड धरला अन् पुटपुटला, "बस कर व." मी म्हटलं, "तू बस. तुहा पाय दुखते."

लटारू अंगावर आला नाई. मुठी वळल्या होत्या, त्या त्यानं खिशात घातल्या अन् खाली बसला. हे लिहायची मले हौस नाई, पण झालं ते झालं. आधीचा लटारू बसला नसता.

पोचूअण्णा सिरोंच्याकडचे, अर्धं तेलुगू अर्धं मराठी बोलतात अन् सहसा कोणाले दुखवत नाईत. त्या दिवशी उठून एवढंच म्हणाले, "बाप्तिस्मा आता नको. नदी पळून नाई जात. लटारू, तू आधी घरी जा." काही लोकायले राग आला. ज्या बाईनं हाताचं चुंबन घेतलं होतं ती मले म्हणे, "तुमच्यामुळे एक आत्मा वापस गेला तर?" मी म्हटलं, "वापस त्याच्या बायकोकडं गेला आहे बाई, नरकात नाई. अन् तिथी नरक असंल तर ती बावीस वर्षं राह्यली आहे."

दसरू तीन दिवस माह्यासंगं बोलला नाई. चौथ्या दिवशी ताटावर बसून म्हणे, "माह्यासाठी माफ करणं सोपं होतं का व?" म्हटलं, "तुहा एक पाय मोडला, त्याची तू माफी देली. ती तुही होती, देली तर देली. माही अन् रुखमाची तू काऊन वाटली?" तो जेवला नाई. पण शेठकडे जाऊन काम सोडत नाई म्हणून सांगून आला.

लटारू घरी पोचला असंल. तुह्यावर राग काढला असंल तर त्याचं कारण मी आहो. तू लिहिलेलं मी सगळ्यायसमोर बोलली, तुले न विचारता. मीबी त्या पुरुषायसारखंच केलं. निकेश गुरुजीले सांगून ठेवलं आहे, काही कमी-जास्त झालं तर लगेच मले कळवा.

बुधरी


कुकडमेटा, २१ मार्च २०२५

बुधरी,

जिवंत आहो. उशीर झाला कारण मले काय लिहावं हे पाहायचं होतं.

त्या रविवारी तो दुपारीच आला. गाडी पाडली नाई, नीट लावली. मी आंगणात लाकडं रचत होती. म्हणे, "तू त्या बुधरीले काय काय लिहिलं?" मी एक चांगलं साजाच्या झाडाचं लाकूड हातात धरलं अन् सांगतलं, "जे झालं ते लिहिलं." बुधरी, मी मारलं असतं. मी ठरवलं होतं. तो दोन पावलं आला, लाकडाकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं अन् तिथीच मातीत बसला. इस्त्रीच्या पँटसकट.

ढोरं घरी येईपर्यंत बसून होता. पाणीबी मागितलं नाई, मीबी देलं नाई. मंग मले म्हणे, "कोणता कान?"

मले आधी कळलंच नाई तो काय विचारते. मंग असा राग आला की लाकूड हातातून पडलं. चार वर्षं एका घरात राहून त्याले माहीत नव्हतं कोणता! मी हो म्हणत नाई, ऐकत नाई, म्हणून 'कठीण मनाची' म्हणून प्रार्थना करे. डाव्या बाजूनं बोलत होता, बुधरी, म्हणून ऐकू येत नव्हतं. मी दाखवला. तो पाहत राह्यला. मंग उजव्या बाजूले येऊन बसला अन् बोलला. काय बोलला ते सगळं लिहीत नाई. थोडंच होतं अन् नीट जुळवून नव्हतं. रडला नाई. प्रभूचं नाव घेतलं नाई. पहिल्यांदा आमच्या बोलण्यात तिसरा कोणी नव्हता.

मी माफ केलं का? मी म्हटलं, "पाहू." अजून पाहूनच राह्यली. डोक्यावर हात ठेवणं बंद झालं आहे. चुलीचं बोलणं काढत नाई. मी पंडुमले गेली, वापस आली, दार उघडं होतं. एवढं पाह्यलं.

होळीनंतर तिसऱ्या दिवशी गावाची सभा बसली. मोहाच्या झाडायची वाटणी होती. हा उठला अन् म्हणाला, दसरूच्या घराले गावात येऊ द्या, पाणी अन् झाडं वापस द्या. तवाच्या त्या पंधरातला जंगू म्हणे, "दसरूले काढायचा ठराव तुह्याच अक्षरात आहे." हा म्हणे, "हो. मीच लिहिला. खोटा लिहिला. दसरू दगड म्हणाला हे खरं, पण तो देवावर थुंकला हे मी माह्या मनानं घातलं होतं." बुधरी, हे मलेबी माहीत नव्हतं. सभा अशी भडकली! जंगू अन् त्याच्यासंगचे दोघं उठले, म्हणे, "तू त्यायच्यात गेला ना? मंग तुहंबी पाणी बंद. तूबी नीघ." एकानं धक्का देला. हा पडला अन् उठला. मी त्याचे हात पाहत होती. उघडेच होते.

मंग मले काय झालं कोण जाणे. बायका सभेत मागं बसतात, मी तिथूनच उभी राह्यली. म्हटलं, "हा कोणाच्यात गेला ते हा पाहील. मी कुठीच गेली नाई. माहे देव तेच जे तुमचे. याच देवायच्या नावानं याच माणसानं पंपाले साखळी लावली तवा तुम्ही म्हणाले, लटारू गावाचा वाघ. आज तोच म्हणते मी खोटं लिहिलं, तर तुम्हाले तो नको. खोटं बोलला तवा चालला अन् खरं बोलला तर नीघ? बुधरीचा गुंड अडवाल तर माहाबी अडवा. मी दिवसाढवळ्या भरीन अन् तिच्या दारात ठेवीन. मागच्या वेळी लपून ठेवला होता."

माहा आवाज फाटत होता. कोणी हसलं नाई.

मंग म्हातारा भूमिया म्हणे, "पाणी जमिनीतून येते. त्याले धर्म विचारायले आपण कोण. दसरूनं यावं. पण आधी माह्या घरी बसावं, चहा प्यावा अन् तो शब्द वापस घ्यावा. देवासमोर नाई, देव माह्याहून मोठा आहे, त्याले लागलं नसंल. मले लागलं होतं." ठराव खोडला. जंगू अन् ते दोघं उठून गेले, त्यायचं काही सांगता येत नाई. ते पंपावर वाकडं पाहतात. खोटं कशाले लिहू.

तू पहिल्या पत्रात होय की नाई विचारलं होतं. लटारूबद्दल मी अजून होय लिहू शकत नाई. पण नाई लिहायले बसली तर तेबी लिहिल्या जात नाई. मोह पडायले लागला आहे. तुही दोन झाडं नाल्याच्या काठची, यंदा कोणी वेचून राह्यलं नाई.

रुखमा


वडसा, २२ मार्च २०२५

रुखमा,

गुरुजी सकाळी पत्र देऊन गेले. उत्तर आजच लिहिते, ते सोमवारी पहाटे निघतात.

दसरूले तुहं पत्र मी वाचून दाखवलं. थुंकल्याच्या गोष्टीवर तो उठून बाहेर गेला. चार वर्षं आम्ही त्या खोट्यासाठी वनवास काढला, अन् ते लिहिणाऱ्याले तो छातीशी लावून बसला होता. वापस आला तवा म्हणे, "त्याले मी माफ केलं ते केलं, आता मोडत नाई. पण त्याच्यासंगं एका ताटात जेवायले मले वेळ लागंल." मी म्हटलं, आता कुठी माणसासारखं बोलला. भूमियाकडं चहा प्यायले तो ईस्टर झाल्यावर येईल. शब्द वापस घेईल, मी घ्यायले लावीन.

घर मोडून आम्ही येत नाई. मिलचं काम राहते, माहं काम राहते. दीपिकाचे पेपर झाले, ती म्हणते, "आई, तू आधी एकटी जाऊन पाह्य." पोट्टी बापाहून शाणी आहे. वसतिगृहाले पंधरा दिवस सुट्टी टाकली. मंगळवारच्या बसनं मी येऊन राह्यली. नाल्याकाठची झाडं वेचीन अन् रोज दिवसाढवळ्या पंपावर जाईन. जंगूले जेवढं वाकडं पाहायचं तेवढं पाहू दे. राहीन तुह्याकडं. त्याच्या घरी नाई, तुह्या घरी.

हॉलात तुही गोष्ट तुले न विचारता बोलली, त्याची माफी भेटल्यावर मागीन. पत्रात मागितली तर सोपी होते.

अन् लटारूवर भरवसा? नाई. पास्टर ठेवतील, दसरू ठेवील, तू ठेवशील तर ठेव. माह्यापाशी तेवढा शिल्लक नाई. पण रोडवर बस सोडते तिथून गाव दोन कोस आहे अन् माहं बोचकं जड आहे. त्याले यायचं असंल तर येऊ दे. बोचकं उचलू दे. बोलायची गरज नाई, साक्ष द्यायची तर बिलकुल नाई. त्यानं पुढं चालावं. मी मागून येईन, म्हणजे तो माह्या नजरेत राहील.

बुधरी